झिराडकर मावशी मोदक खात नाहीत

२००६ च्या उन्हाळ्यात मी एक महान नाटक लिहिलं. महान हा शब्द माझा. मराठी मंडळाच्या कमिटीचं म्हणणं एवढंच होतं की आरती आणि जेवण यांच्या मध्ये बसेल असं काहीतरी हवं.

मी तेव्हा अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये, गाड्यांच्या ब्रेकसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टर होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. असं काम करणाऱ्याला हळूहळू वाटायला लागतं की आपल्या हातून चुका होतच नाहीत. त्या समजुतीत मी नाटक लिहायला बसलो. भावना चढत्या क्रमाने याव्यात म्हणून आधी एक्सेलमध्ये तक्ता केला. तिसऱ्या प्रवेशात 'करुण' खालच्या रकान्यात 'अति' असं लिहिलं होतं, ते मला अजून आठवतं.

नाटकाचा विषय लायब्ररीत सापडला होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात धर्मन्यायालय बसवलं. वरून ख्रिस्ती झालेले पण घरात गुपचूप जुना धर्म पाळणारे लोक हुडकायचे आणि त्यांना तुरुंगात घालायचं किंवा जाळायचं, हे त्याचं काम. सापडलेल्यांमध्ये लिस्बनहून आलेल्या, बाटवलेल्या यहुद्यांचे वंशजही होते. हे वाचून मी माझी नायिका तयार केली. इसाबेल, काळ्या मिरीच्या व्यापाऱ्याची विधवा. ती दारात सगळ्यांना दिसतील अशा डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या माळा टांगते, सणाला ती शिजवते, शेजाऱ्यांना वाटते, आणि स्वतः एक घासही खात नाही. शुक्रवारी संध्याकाळी रांजणाच्या आत दिवा लावते, म्हणजे उजेड बाहेर दिसायला नको. शेवटी शेजारीण चुगली करते. मग इसाबेल न्यायाधीशासमोर चार पानं बोलते. त्या चार पानांवर माझा फार जीव होता.

आता झिराडकर मावशींबद्दल सांगतो, कारण हे सगळं त्यांच्याबद्दलच आहे आणि मी नेहमीप्रमाणे स्वतःपासून सुरुवात केली.

सुमित्रा झिराडकर एकाहत्तर साली नर्स म्हणून डेट्रॉइटला आल्या. एकट्या आल्या आणि एकट्याच राहिल्या. हॉस्पिटलातून रिटायर झाल्यावर नोव्हायमध्ये टेन माइल रोडजवळ एक छोटा काँडो घेतला. कानामागे सरळ विंचरलेले पांढरे केस, सुती साडी, हिवाळ्यात त्यावर पुरुषी जाकीट आणि स्नो-बूट. त्यांच्याकडे एक जुनी ब्युइक होती, ती त्या अँब्युलन्ससारखी चालवायच्या. माझ्याकडे गाडी नव्हती. मिशिगनमध्ये गाडी नसलेला माणूस म्हणजे पार्सल. कुणीतरी उचलून कुठेतरी ठेवायचं. मला मावशी उचलत आणि ठेवत. त्याबदल्यात मी त्यांना नाटकाचे प्रवेश वाचून दाखवायचो. सौदा त्यांना महाग पडत होता, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मंडळात मावशींचं स्थान पक्कं होतं. गणपतीच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक त्या करायच्या, मंडळ सुरू झाल्यापासून. पद्मजाकाकूंच्या घरी सकाळी सगळ्या जमायच्या, बाकीच्या सारण भरायच्या, पण उकड मावशींची, सारणाचं माप मावशींचं आणि कळ्या मावशींच्या. पद्मजाकाकू म्हणजे मंडळाच्या सर्वेसर्वा. रिटायर्ड डॉक्टर आणि धर्मखात्याच्या मंत्री, दोन्ही. आडनावावरून गाव, गावावरून जात आणि जातीवरून आमटीत गूळ किती, असं सगळं त्या काढून दाखवायच्या. मावशींची पहिली भेट झाली तेव्हा म्हणे काकू म्हणाल्या होत्या, "झिराड म्हणजे अलिबागजवळचं. मासे खाता, रंग असा, म्हणजे तुम्ही सीकेपी." मावशी हसल्या होत्या. त्यावर शिक्का बसला.

नाटकात मावशी प्रॉम्प्टर होत्या. तालमी पद्मजाकाकूंच्या बेसमेंटमध्ये. इसाबेलचं काम नेत्रा करत होती. ती माझ्याच ऑफिसात होती आणि धर्मन्यायालयासाठीचा 'इन्क्विझिशन' हा शब्द दर वेळी 'ॲक्विझिशन' असा म्हणायची. आमच्या कंपनीचं त्या वर्षी तेच चाललं होतं, दुसरी कंपनी तिला विकत घेत होती. मी तालीम शुक्रवारी ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "शुक्रवारी मला जमत नाही." दर वेळी एवढंच. मला वाटलं, टीव्हीवर काहीतरी बघत असतील.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सॉसेजचा प्रवेश चालू होता आणि पद्मजाकाकू वरून चहा घेऊन आल्या. जिन्यात उभ्या राहून त्यांनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "सिद्धेश, हे काही पटत नाही रे."

"काय पटत नाही काकू?"

"बाई स्वतः शिजवते, सगळ्यांना वाढते, स्वतः खात नाही, आणि इतकी वर्षं शेजारणींच्या लक्षात येत नाही? अरे, बायकांच्या आधी लक्षात येतं कोण काय खात नाही ते."

"येत नाही लक्षात," मावशी स्क्रिप्टमधून मान वर न करता म्हणाल्या.

"तुम्ही पुरुषांची बाजू घेऊ नका हो सुमित्राताई. ह्याने लिहिलंय म्हणून ते खरं होत नाही."

टेस्टरला कुणी सांगितलं की हे असं होऊ शकत नाही, की तो ते करून दाखवतो. तो त्याचा आजार आहे. मला उदाहरण हवं होतं, आणि अगदी समोरच होतं. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "काकू, लांब कशाला, आपल्या मावशींचंच घ्या! इतकी वर्षं मोदक करतात. त्यांना कधी मोदक खाताना बघितलंय तुम्ही? मी मागच्या वर्षी बघितलं, त्यांनी द्रोण नेत्राच्या मुलाला दिला. आलं कुणाच्या लक्षात?"

माझा मुद्दा सिद्ध झाला होता. मी सगळ्यांकडे विजयाने बघितलं.

"अय्या, हो की," नेत्रा म्हणाली. "मावशी, तुम्हाला डायबेटिस आहे?"

"डायबेटिस कसला?" पद्मजाकाकू म्हणाल्या. "परवा माझ्याकडे दोन गुलाबजाम खाल्लेत त्यांनी. आणि पाक वर मागून घेतला." त्यांनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. त्यांची नजर मी ओळखतो. कोडं पडलं की डॉक्टर तशी बघतात. "सुमित्राताई, प्रसादसुद्धा नाही घेत तुम्ही?"

मावशींनी स्क्रिप्टचं पान उलटलं. "पुढचं वाक्य तुझं आहे नेत्रा," त्या म्हणाल्या. "'हे प्रभू, माझं मौन हेच माझं देऊळ.'"

हे वाक्य मी लिहिलं होतं. त्या दिवशी ते मावशींच्या तोंडून ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते किती भयंकर आहे.

परतीच्या वाटेवर ब्युइक नेहमीच्या निम्म्या वेगाने चालली होती. ग्रँड रिव्हर रोडच्या सिग्नलला मावशी म्हणाल्या, "तुझ्या नाटकात इसाबेलला पकडून देणारी शेजारीण दुष्ट दाखवलीयस ना?"

"हो."

"ती बदल. ती मैत्रीण कर. हुशार, उत्साही, जरा बावळट."

मी म्हणालो, "का?" ह्यावरून तिसरं विशेषण किती बरोबर होतं ते कळेल.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या बेने इस्रायल. आपल्या कोकणातले यहुदी. पूर्वज कधीतरी अलिबागच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, असं त्यांच्या घरात सांगत. पुढे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आई शुक्रवारी दिवा लावायची आणि मराठीतच आम्हाला ओरडायची, असं त्या म्हणाल्या. सुमित्रा हे नाव वडिलांनी ठेवलेलं; शाळेतल्या त्यांच्या आवडत्या बाईंचं.

मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही... इसाबेल!"

"गप रे. इसाबेलला जाळणार होते. मला कोण जाळतंय? आमच्या गावात आम्हाला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. शेजारच्या बापट वहिनींच्या ओट्यावर बसून मी मोदक बघत वाढले. सोवळ्यात शिवू द्यायच्या नाहीत, पण ते त्या त्यांच्या पुतणीलाही शिवू देत नव्हत्या. तुझी बाई सगळं जग विरुद्ध असताना लपली. माझ्या विरुद्ध कुणीच नव्हतं. मी उगाचच लपले."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही." त्यांनी वळण घेतलं. "खरं सांगू? इथे आले त्या वर्षी सहा-सात महिने मराठी शब्द कानावर नव्हता. एक दिवस भाजीच्या दुकानात पद्मजा नवऱ्याला 'ही काय वांगी आहेत?' म्हणून झापत होती. मी तिथेच रडायला लागले. तिने मला घरी नेलं. पंधरा दिवसांनी गणपती होते, आणि त्या घरात कुणाला मोदक येत नव्हते. मी केले. तांदळाची पिठी कुठून आणली होती कोण जाणे, पण झाले बरे. लोक खाऊन डोळे पुसत होते. तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित काही झालं नसतं. कदाचित झालं असतं. आणि मला पुढच्या वर्षी परत यायचं होतं."

"आणि मोदक का नाही खात?"

"देवापुढे ठेवलेलं आपण खायचं नाही, असं आईने सांगितलं होतं. मी बाकी फार काही पाळलं नाही. एवढं पाळलं. आणि देवापुढे ठेवायच्या आधी चाखायचं नाही हा पद्मजाचा नियम. दोघींच्या मध्ये माझा मोदक राहिला."

"घरी करून खायचे ना."

"एकटीसाठी उकड कोण काढतं रे?"

मी त्यांना विचारलं, इथल्या सिनेगॉगमध्ये जाता की नाही. मोठ्या सणांना जातात, मागे बसतात. पहिल्यांदा साडी नेसून गेल्या तेव्हा एका बाईंनी फार प्रेमाने विचारलं, तुम्ही धर्म कधी बदललात? "मी म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वी बदलायचा राहून गेला."

माझं घर आलं तरी मी उतरलो नाही. मी उपाय काढत होतो. सांगू की गुळाची ॲलर्जी आहे. नको, गुलाबजामच्या पाकात साखर होती, गूळ नव्हता, म्हणजे हे जमतं! चतुर्थीचा उपास म्हणू. नको, चतुर्थीला लोक खातातच. बापट वहिनींना दिलेलं वचन म्हणू. मी बोटांवर एकेक शक्यता तपासत होतो. मावशी ऐकून घेत होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखे दोन मित्र असते तर इसाबेलला महिनाभर आधीच पकडलं असतं."

"पण मावशी, काकूंनी तुम्हाला मोदक करू दिले नाहीत तर?"

गाडीचा ब्लिंकर उगाचच चालू राहिला होता, टिक टिक टिक. मग मावशी म्हणाल्या, "तेच तर. उतर आता."

पुढच्या दिवसांत मी घाबरून चार पानांचं भाषण अर्ध्या पानावर आणलं. लपलेली बाई एवढं बोलत नसते, हे मला एव्हाना कळलं होतं. शेजारणीला मैत्रीण केलं. नाटक खूपच सुधारलं आणि त्यात माझा काही हात नव्हता.

चतुर्थी रविवारी होती. सकाळी पद्मजाकाकूंच्या स्वयंपाकघरात नारळाची फ्रोझन पाकिटं वितळवायची ड्यूटी माझ्याकडे होती; स्वयंपाकात माझ्यावर विश्वास टाकता येईल अशी ती एकच पायरी. नेत्रा गूळ चिरत होती. पाण्याला आधण आलं होतं. मावशी आल्या, हात धुतले, पदर खोचला, पिठीचं भांडं पुढे ओढलं आणि हात आत घालायच्या आधी थांबल्या.

"पद्मजा, मी यहुदी आहे."

काकूंच्या हातात तुपाची बरणी होती.

"ज्यू. बेने इस्रायल. जन्मापासून. देवापुढचं खात नाही ते त्याच्यामुळे. आता सांग, उकड काढू की नको?"

"म्हणजे ज्यू ज्यू? रिअल?" नेत्रा म्हणाली. "मावशी, मग मला इसाबेलच्या प्रार्थनेचे उच्चार तरी सांगायचे ना! सिद्धेशने इंटरनेटवरून काहीही उतरवून दिलंय."

"ते मी ऐकलं," मावशी म्हणाल्या. "ती द्राक्षांवर म्हणायची आहे. तू सॉसेजसमोर म्हणतेस."

काकूंनी बरणी खाली ठेवली. "पस्तीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "मला सांगावंसं वाटलं नाही?"

"दर वर्षी वाटलं."

"मग?"

"मग तू फोन करायचीस. ताई, लवकर या, तुमच्याशिवाय नैवेद्य होत नाही. ते ऐकलं की मी पुढच्या वर्षावर ढकलायचे."

काकू खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर त्यांचे यजमान लॉनवर मांडव घालत होते आणि एक खांब सारखा पडत होता. आधणाचं झाकण खडखडायला लागलं. मी ते उतरवायला पुढे झालो तर दोघी एकदमच म्हणाल्या, "तू हात लावू नकोस." माझ्या शुद्धतेबद्दल दोघींचं एकमत होतं.

"असं करू," काकू शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज ओपीडीतला झाला होता. "देवाचे एकवीस मी करते. बाकीचे सगळे तुम्ही करा."

मावशींचा चेहरा मी बघितला. माझ्या नाटकात असं काही झालं असतं तर मी तिथे विजेचा लखलखाट ठेवला असता. मावशी म्हणाल्या, "बरं," आणि पिठीत उकळतं पाणी ओतलं.

दोघी ओट्याच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या. काकूंनी वेगळ्या पातेल्यात वेगळी उकड काढली. इतकी वर्षं त्यांनी देखरेख केली होती. मोदक केला नव्हता. पहिली पारी फाटली. दुसरी बोटाला चिकटली. तिसरी मिटली, पण तिला कळ्या नव्हत्या, डोक्यावर फक्त एक गाठ होती. मावशी आपल्या टोकाला भराभर मोदक उतरवत होत्या आणि मुद्दाम तिकडे बघत नव्हत्या. मुद्दाम न बघणं त्यांना चांगलं जमत होतं.

थोड्या वेळाने काकू सरकत सरकत आल्या आणि त्यांनी मावशींच्या परातीतून उकडीचा एक गोळा उचलला.

"हे काय गं?"

"तांदूळ माझे, गॅस माझा."

"आणि मळलंय कोणी?"

"गप्प बसा हो."

त्या गोळ्याचाही मोदक झाला नाही. पण एकवीस झाले. वाफवून निघाले तेव्हा काहींचं सारण बाहेर आलं होतं आणि एक तर उघडाच पडला होता. काकूंनी ते केळीच्या पानावर मांडले, नैवेद्याचं ताट उचललं, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"नेत्रा, हे कसे दिसतायत? खरं सांग."

"काकू, मोमोसारखे."

काकू परत फिरल्या. ताट ओट्यावर ठेवलं, त्यातले मोदक एकेक करून एका डब्यात भरले आणि तो डबा माझ्या हातात दिला. "हे तू खा. तुला काही कळत नाही." मग मावशींच्या चाळणीतले एकवीस मोजून पानावर ठेवले. मावशी काहीतरी बोलायला गेल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "पस्तीस वर्षं देवाला काही झालं नाही. आता त्याला नवीन सवय कशाला लावायची?"

ताट भरलं. तरी काकू गेल्या नाहीत. त्यांनी चाळणीतला आणखी एक मोदक बशीत घेतला, फोडला, वर तूप सोडलं आणि बशी मावशींसमोर ठेवली.

"हा देवापुढे गेलेला नाही. खा."

"पद्मजा, नैवेद्याच्या आधी? तुझ्या घरात?"

"देवापुढून आला की तुम्ही खाणार नाही ना? मग आधीच खाल्ला पाहिजे. त्याला मी सांगते काय ते. आमचं जुनं आहे."

मावशींनी हात परत धुतले. पदराला पुसले. तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तोंडात घातला. आम्ही सगळे बघत होतो. नेत्राचे तर डोळे भरून आले होते. मावशी सावकाश चावत होत्या. मग चावायच्या थांबल्या.

"वेलदोडा किती घातलाय यात?"

"तुमच्याच मापाने," काकू म्हणाल्या. "नेहमीचाच."

"अगं, खोकल्याच्या औषधासारखा लागतोय! जीभ बधिर झाली माझी." त्यांनी एकेकीकडे बघितलं. नेत्रा गुळाच्या सुरीकडे बघत होती. "असाच लागतो? दर वर्षी?"

पद्मजाकाकूंनी नैवेद्याच्या ताटावरचं पान उगाचच सारखं केलं.

"आम्हाला वाटलं," त्या म्हणाल्या, "अलिबागकडे असाच घालत असतील."

"मग विचारायचं नाही का?" मावशी म्हणाल्या.